पंच मिळत नाहीत तेव्हा: वनरक्षकाच्या नोकरीत नव्याने येणाऱ्यांसाठी

भरतीची तयारी करणाऱ्या मुली मला पहिला प्रश्न हमखास रनिंगचा विचारतात. मुलींना ३ किलोमीटर २५ मिनिटांत, मुलांना ५ किलोमीटर ३० मिनिटांत. पुढे चार तासांत मुलींना १६ आणि मुलांना २५ किलोमीटर चालायचं. रोज सराव केला की हे जमतं. ज्याचा सराव कुणीच करून घेत नाही, त्याबद्दल लिहिते.

माझी पहिली नेमणूक चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका बीटवर, म्हणजे एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यावर झाली. वर राउंडचे (काही बीट मिळून होणाऱ्या भागाचे) वनपाल, त्यांच्या वर आरएफओ, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी; पण जंगलात तुम्ही आणि सोबतीला एखादा वनमजूर. वाघाची भीती वाटते आणि ती वाटायलाच हवी. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात पायी सर्वेक्षण करताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. तेव्हापासून मी गस्तीला एकटी कधीच जात नाही, तुम्हीही जाऊ नका. पण मला खरा घाम फुटला तो वाघामुळे नाही, एका कागदामुळे.

जानेवारीतली सकाळ होती. सागाची तीन ताजी थुटं, म्हणजे तोडलेल्या झाडांचे बुंधे दिसले, भुसा अजून ओला होता. बैलबंडीच्या चाकोरीने गेलो तर एका बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, तणसाच्या ढिगाखाली ओंडके. टेपने गोलाई मोजली, ती जुळली. एका थुटाच्या सालीवर जुन्या वणव्याचा काळा डाग होता. त्याचा उरलेला अर्धा भाग ओंडक्यावर होता. यापेक्षा पक्का पुरावा काय असणार, असं मला वाटलं.

आता पंच, म्हणजे पंचनाम्यावर सही करणारे साक्षीदार हवे होते. शेजारच्या शेतात चार माणसं होती. कशासाठी बोलावतेय हे कळताच तिघं निघून गेली. चौथे काका थांबले आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमची उद्या बदली होईल. मला इथंच राहायचं आहे." त्यांचं काही चुकलं नव्हतं. ज्याच्यावर गुन्हा नोंदवायचा, त्याचीच बंडी त्यांना धानाच्या दिवसांत लागणार होती.

शेवटी दुसऱ्या गावचे दोघं आले, तोवर बारा वाजले होते. मी पंचनामा सकाळी सातपासून एकसलग लिहिला आणि पंच त्या वेळेपासून हजर दाखवले. घाई होती, आणि असंच लिहितात असं मी ऐकलं होतं. दोन वर्षांनी कोर्टात वकिलांनी पंचाला विचारलं, "सातला तुम्ही तिथं होतात?" तो सरळ माणूस, म्हणाला, "नाही जी, बाराला आलो." तिथेच केस संपली. तो काळा डाग कुणी पाहिलासुद्धा नाही.

म्हणून कळकळीने सांगते: जे जेव्हा घडलं, ते तेव्हाचं म्हणूनच लिहा. पंच उशिरा आले तर उशिरा आले असं लिहा. नाही मिळाले तर कुणाला बोलावलं आणि ते का आले नाहीत, तेही लिहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचं चित्रीकरण करायला सांगितलं आहे. मोबाइल चार्ज ठेवा. थूट, टेपवरचा आकडा, ओंडका, आजूबाजूची जागा, सगळं न थांबता एकाच शूटिंगमध्ये घ्या.

दुसरी गोष्ट, गुन्हा आणि हक्क यांतला फरक. २००६ च्या वनहक्क कायद्याने मोह, तेंदू, बांबू यांसारख्या गौण वनोपजावर गावाला हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. आपल्या बीटमधल्या कुठल्या गावाला कोणत्या कक्षात (जंगलाच्या क्रमांक दिलेल्या भागात) हक्क मिळालाय, हे रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात पाहून घ्या. डोक्यावर मोहाची टोपली घेतलेल्या म्हातारीला अडवलंत, तर पुढे ते गाव तुम्हाला पंच देणार नाही.

वणव्याचंही तसंच. फुलं नीट दिसावीत म्हणून मोहाखालचा पाला पेटवतात आणि आग पसरते. पहिल्या उन्हाळ्यात मी गुन्हे नोंदवत बसले, आगी लागतच राहिल्या. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीतच घरोघरी गेले, बायकांबरोबर खराटा घेऊन चार झाडांखालचा पाला झाडला. त्या टोलीत, म्हणजे वस्तीत, त्या वर्षी एकदाच आग लागली. ती लागल्याचा फोन मला त्या पंच न झालेल्या काकांनीच केला होता.