रासीन वाचायचाय? आधी बारा मोजा

एम.ए. फ्रेंचला नाटककार झां रासीन अभ्यासाला आला, तेव्हा मी आधी त्याचं चरित्र घोकत बसले. १६३९ साली ला फेर्ते-मिलोंला जन्म, चार वर्षांचा व्हायच्या आत आईवडील गेलेले, पोर-रोयाल या कडक शिस्तीच्या ख्रिस्ती मठातल्या गुरुजींकडे ग्रीक शिकला. सगळं तोंडपाठ. नाटक उघडलं की मात्र दोन पानांत दमायला व्हायचं.

वाट सापडली ती ओळीतली बारा अक्षरं बोटांवर मोजताना. त्याच्या ‘फेद्र’ नाटकातली ही ओळ घ्या: ‘ल जूर ने पा प्ल्यु प्युर, क ल फों द मों कर’. माझ्या अंतःकरणाच्या तळापेक्षा दिवसाचा उजेडही निर्मळ नाही, असं इपोलीत वडिलांना सांगतो. बारा शब्द, प्रत्येक एकाच अक्षराचा, सहावर श्वास. माझी आधी दहाच भरायची, कारण बोलण्यात असे ‘ल’, ‘द’ आपण गिळून टाकतो. पद्यात व्यंजनाआधीचा तो पुसट स्वर पुरता उच्चारायचा. पुढे स्वर आला की तो लोपतो आणि ओळीच्या टोकाला मोजायचा नाही. एवढं समजलं आणि पुढची पानं मी मोठ्यानं वाचतच गेले.

आपल्या भुजंगप्रयातातही बाराच अक्षरं, म्हणून मी ती चाल लावून पाहिली. जमत नाही. तिथे लघुगुरूंचा क्रम बांधलेला. इथे संख्या, मधला थांबा आणि यमक. तेव्हा गाऊ नका, बोला.

रासीनचे शब्द मोजके आणि ओळखीचे, म्हणूनच चकवतात. ‘आंन्युई’ म्हणजे आज कंटाळा. त्याच्याकडे ते जिवाचे हाल असतात. ‘शार्म’ म्हणजे जादूटोणा, ‘फ्लाम’ म्हणजे प्रेम. तळटिपांची आवृत्तीच घ्या आणि अशा शब्दांची वेगळी वही ठेवा.

‘फेद्र’ १६७७च्या १ जानेवारीला रंगमंचावर आलं. दोनच दिवसांत प्रतिस्पर्धी नाटककार प्रादोंनं त्याच कथेवरचं नाटक समोर उभं केलं. त्याच वर्षी रासीन चौदाव्या लुईचा इतिहासकार झाला आणि बारा वर्षं त्यानं नाटक लिहिलं नाही. पुढे ‘एस्तेर’ लिहिलं ते सँ-सीरच्या शाळेतल्या मुलींसाठी. त्यानं का थांबवलं, यावर उत्तर लिहाल तेव्हा एकट्या प्रादोंवर भार टाकू नका. राजाची नेमणूक आणि पोर-रोयालचा नाटकाला असलेला कडवा विरोध, दोन्ही मांडा.

‘फेद्र’नंतर ‘आंद्रोमाक’ वाचा, मग ‘बेरेनीस’. ही शोकांतिका, पण त्यात कुणीच मरत नाही. तिघं एकमेकांचा निरोप घेतात, तेवढंच. मी ती शेवटच्या अंकापर्यंत एका बैठकीत वाचली, मोठ्यानं.