डोक्यातलं प्रेशर: औषध, स्टेंट की शंट? आधी डोळ्यांची फाइल काढा

नागपूरच्या धंतोलीत न्यूरोच्या वेटिंगमध्ये बसलं की बाजूची बाई पहिलं विचारते, "तुमचं डोकं किती दुखते?" माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेचा घेर मोजणारी तपासणी, कशी आली, हे आधी विचारा. आयआयएच म्हणजे गाठ किंवा गुठळी नसताना डोक्यातलं प्रेशर वाढणं, आणि त्या दाबाने डोळ्याची नस सुजते. म्हणून यात उपचार ठरतो तो नजर किती धोक्यात आहे त्यावर.

त्याआधी एक बघून घ्या: एमआरआयसोबत व्हेनोग्राम, म्हणजे मेंदूच्या शिरांचा स्कॅन, झालाय ना? मेंदूच्या शिरेत गुठळी असेल तर सगळा उपचारच बदलतो.

फील्ड टेस्टला एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला उजेड चमकला की बटण दाबायचं. झोप न झालेल्या दिवशी जाऊ नका, रिपोर्ट उगाच खराब येतो. ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या नसेची सूज मोजणारा स्कॅन, शक्यतो दर वेळी त्याच मशीनवर करा. फाइलच्या मागच्या पानावर तारीख, वजन, गोळीचा डोस आणि दोन्ही रिपोर्ट एका ओळीत लिहा. उपचारांची तुलना त्या पानावरूनच होते.

नजर फारशी गेलेली नसेल तर डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, आणि वजन कमी करणं. अमेरिकेतल्या १६५ रुग्णांच्या चाचणीत (२०१४) नुसत्या डाएटपेक्षा डाएट अधिक गोळी घेणाऱ्यांचं फील्ड सहा महिन्यांत जास्त सुधारलं. गोळी मात्र सुखाची नाही. पोळ्या लाटताना बोटांना मुंग्या येतात, सोडा फिका पाणचट लागतो. किडनी स्टोनचाही धोका असतो, आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात तर पाण्याची बाटली हातातून सुटायला नको. पोटॅशियम उतरू शकतं. संत्री खाते म्हणून रक्ततपासणी टाळू नका बाप्पा!

डोकेदुखी मायग्रेनसारखी असेल तर टोपिरामेट देतात. भूक कमी होते, पण बोलताना शब्द आठवत नाहीत, आणि गर्भाला धोका असतो. लग्न ठरलंय किंवा मूल हवंय, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

मेंदूभोवतीचं पाणी पाठीतून सुईने काढल्यावर हलकं वाटतं, पण शरीर रोज साधारण अर्धा लिटर नवं बनवतं. तो कायमचा इलाज नव्हे.

नजर भराभर उतरत असेल तर ऑपरेशन. डोळ्याच्या नसेच्या आवरणाला छेद देतात तो नजर वाचवायला. डोकेदुखीला त्याचा भरवसा कमी. शंटने, म्हणजे हे जास्तीचं पाणी दुसरीकडे वळवणाऱ्या नळीने, प्रेशर उतरतं, पण नळी बंद पडून पुन्हा टेबलावर जावं लागू शकतं. स्टेंट, म्हणजे शिरेत बसवायची जाळीची नळी, मेंदूची शीर अरुंद असेल आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबात फरक सापडला तरच. नंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. तिन्हींचं विचारताना "पुन्हा करावं लागलं तर?" हेही विचारा.

वजन खूप असेल तर बॅरिअ‍ॅट्रिकचा, म्हणजे वजन उतरवायच्या पोटाच्या ऑपरेशनचा, विचार करा. ब्रिटनमधल्या ६६ बायकांच्या चाचणीत दोन वर्षांनीही डाएटवाल्यांपेक्षा हे ऑपरेशन केलेल्यांचं प्रेशर कमी होतं. फक्त त्याचा परिणाम हळूहळू दिसतो, डोळा जात असताना तेवढा वेळ नसतो.

पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लिन, मिनोसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनोइन चालू असेल तर स्किनच्या आणि न्यूरोच्या दोघाही डॉक्टरांना सांगा. अचानक अंधुक किंवा दोन-दोन दिसलं, तर ओपीडीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी कॅज्युअल्टीत जा, फाइल घेऊन.