जुलाब मोजता, मग लघवी का नाही? मुलांच्या मूत्रपिंडांबाबत या चुका टाळा

जुलाबाने बेजार झालेले मूल घेऊन आलेले पालक किती वेळा शी झाली, ती पिवळी होती की हिरवी, हे न विचारता सांगतात. शेवटची लघवी कधी झाली असे विचारले, की आई वडिलांकडे पाहते आणि वडील आजीकडे. बालरुग्ण विभागात इतकी वर्षे काढल्यावर मला सर्वांत अधिक वैताग या एका चुकीचा आहे.

एका पावसाळ्यात दीड वर्षाची मुलगी आली. तीन दिवस जुलाब आणि उलट्या चालू होत्या, तरी "डायपर ओलाच होता," असे आजी ठामपणे सांगत होत्या. तो ओला झाला होता पाण्यासारख्या जुलाबाने. नळी घातल्यावर मूत्राशयातून निघाली ती चमचाभर गडद लघवी. त्यात तापासाठी दुकानातून परस्पर आणलेले आयबुप्रोफेन दिले जात होते, जे शरीरातले पाणी आटलेले असताना मूत्रपिंडांचा उरलासुरला रक्तपुरवठाही कमी करते. रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, १.१ आले आणि कुटुंब निश्चिंत झाले, कारण अहवालावर छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची होती. या वयात ते साधारण ०.२ ते ०.४ असते. वेळेत सलाइन मिळाले म्हणून डायलिसिसवाचून निभावले.

तेव्हापासून जुलाबाच्या मुलाचा डायपर मी आधी काढायला लावते, सुती लंगोट बांधायला सांगते आणि प्रत्येक लघवीची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लावते. सहा तास कोरडे गेले, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

"उन्हाळी लागली असेल" म्हणून शहाळ्यामागून शहाळे पाजणे हा दुसरा उतावीळपणा. लघवी बंद असताना त्यातले पोटॅशियम शरीरातच साठते आणि हृदयाचे ठोके बिघडवते. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, पेल्यासाठी नव्हे.

घसा दुखून एक ते तीन आठवड्यांनी किंवा खरूज पिकून तीन ते सहा आठवड्यांनी सकाळी डोळे सुजले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याला ॲलर्जी म्हणू नये; ती मूत्रपिंडांची सूज असू शकते. त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा. रक्ती जुलाबानंतर मूल पांढरेफटक पडले, तरीही थांबू नये; तिथेही मूत्रपिंडे धोक्यात असू शकतात.

खोकल्याच्या औषधाविषयी मात्र मी मुळीच सवलत देत नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुले नागपूरला आणली गेली ती लघवी बंद झाल्यावर. त्यांच्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे मूत्रपिंडे निकामी करणारे विषारी रसायन, सापडले, जिथे मर्यादा ०.१ टक्क्याची आहे. साध्या सर्दीला लहान मुलांना सिरप लागतच नाही. दिले असेलच, तर बाटली फेकू नये. मुलासोबत ती आणावी.