वारीत फोटो काढण्यापूर्वी घ्यावयाची संमती

डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या वारकरी आजींचा फोटो स्वतःच्या संग्रहासाठी काढणे आणि तोच पुढे दिनदर्शिकेवर छापणे, या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने सारख्या नाहीत. निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती वापराला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ लागू होत नाही. व्यावसायिक वापरासाठी मात्र त्यात अपेक्षित असलेली संमती मोकळेपणाने, विशिष्ट हेतूसाठी, पुरेशी माहिती मिळाल्यावर आणि विनाअट दिलेली असावी लागते. म्हणून फोटो कशासाठी व कुठे छापला जाणार हे साध्या मराठीत सांगावे, काढलेला फोटो स्क्रीनवर दाखवावा आणि होकार मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा, कारण चालत्या दिंडीत छापील संमतिपत्रावर सही मागणे अवघडच असते (आजींचा चष्मा नेमका पिशवीच्या तळाशी असतो). नुसत्या मान डोलावण्याला होकार मानू नये. ती अभंगाच्या ठेक्यावरही डोलते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी आईवडिलांची, पडताळता येईल अशी संमती लागते.

आडोशाला वस्त्रे बदलणाऱ्या स्त्रीचा फोटो काढणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि तिने फोटो काढू दिला असला तरी तो इतरांना पाठवण्यास संमती दिलेली नसेल, तर पाठवणेही त्याच कलमात येते.

दिलेली संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, त्यामुळे आपला संपर्क क्रमांक लिहिलेली चिठ्ठी आजींच्या हाती आठवणीने द्यावी.