इन म्हणजे दरवेळी 'नाही' नसतं : इंग्लिश शब्द फोडायला शिकणाऱ्यांसाठी

मी पिंपळगावचा, बारावीपर्यंत मराठी मीडियम. नाशिकला आल्यावर इंग्लिश सुधारायचं म्हणून कॉलेज रोडला क्लास लावला, तिथे पहिल्याच आठवड्यात पाचशे रूट्सची, म्हणजे शब्दांच्या मूळ तुकड्यांची, झेरॉक्स हातात आली, एवढी पाठ करा की कुठलाही शब्द फोडता येतो म्हणे. मी पहाटे उठून केली पाठ. आणि त्याच यादीनं घात केला.

यादीत होतं, इन म्हणजे नाही. इनकरेक्ट, इनकम्प्लीट, इनॲक्टिव्ह, सगळं जुळायचं. पुढे अंबडला एका कंपनीत स्टोअरला ट्रेनी म्हणून लागलो. थिनरचे ड्रम आले, लेबलवर 'इन्फ्लॅमेबल'. मी मनात शब्द फोडला : फ्लेम म्हणजे ज्वाला, एबल म्हणजे होऊ शकणारं, इन म्हणजे नाही, म्हणजे हे न पेटणारं. आणि ड्रम नेऊन ठेवले वेल्डिंग चालू होतं तिथे, भिंतीला लागून. एक जुने फिटरकाका धावत आले, ओरडले, चौघांनी मिळून ड्रम हलवले. काही झालं नाही, पण आठवलं की अजून पोटात गोळा येतो. वाईट याचं वाटतं की मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोतून निघणारे पेट्रोलचे टँकर मी लहानपणापासून आमच्या हायवेवर बघतोय, मागे मोठ्या अक्षरात 'हायली इन्फ्लॅमेबल' लिहिलेलं. रूट्स माहीत नव्हते तोवर मला त्याचा अर्थ बरोबर कळत होता!

आता हे नीट समजून घ्या, घाई करू नका. लॅटिनमधून इंग्लिशमध्ये दोन वेगवेगळे इन आलेत. एक 'नाही'वाला, दुसरा 'आत, मध्ये'वाला. इन्फ्लेम म्हणजे पेटवणं, तिथे इन दुसरा. त्या अख्ख्या क्रियापदाला एबल लागलं, म्हणजे पेटू शकणारं. इनव्हॅल्युएबलमध्ये उलटं आहे, आधी व्हॅल्यू आणि एबल जुळले, मग बाहेरून नाहीवाला इन, म्हणून त्याचा अर्थ फालतू नाही तर मोल करता येणार नाही इतकं मोलाचं. म्हणजे तुकडे कोणते एवढं कळून भागत नाही, आधी कोण कोणाला चिकटला ते बघावं लागतं. अनलॉकेबल घ्या : अन अधिक लॉकेबल धरलं तर कुलूप लावता न येणारं, अनलॉक अधिक एबल धरलं तर उघडता येणारं. शब्द तोच, तुकडे तेच. अशा वेळी वाक्यच सांगतं काय ते. आपल्याकडे नाही का, विफलमध्ये वि म्हणजे विना आणि विख्यातमध्ये वि म्हणजे विशेष, पण आपण कधी गोंधळत नाही कारण शब्द वाक्यातून शिकलो. इन्फ्लॅमेबलमुळे होणाऱ्या याच गोंधळापायी आता बऱ्याच लेबलांवर नुसतं फ्लॅमेबल लिहितात, अर्थ तोच, पेटणारं.

घाबरू नका पण. मराठी मीडियमवाल्याकडे एक गोष्ट आधीपासून आहे, व्याकरणातली संधी! उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख, तसंच इन अधिक लीगल म्हणजे इलीगल, म्हणून दोन एल. अकॉमोडेटमध्ये दोन सी, दोन एम का, तर ॲड, कॉम आणि मोड असे तुकडे आहेत आणि ॲडचा डी पुढच्या सीमध्ये मिसळला. हे कळल्यापासून ते स्पेलिंग माझं एकदाही चुकलं नाही. मिसस्पेलमध्ये दोन एस, डिसअपॉइंटमध्ये एकच, तेही तुकडे जोडून बघा, आपोआप येतं.

आणि इंग्लिश स्पेलिंग वेडंवाकडं आहे असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. साइनमधला जी बोलत नाहीत, पण सिग्नल आणि सिग्नेचरमध्ये तो बोलला जातो, लिहिताना जी ठेवलाय म्हणून ही एका घरची मंडळी कळतात. हील आणि हेल्थचं तेच, ईएचा आवाज बदलतो पण लिहायचं तसंच. वॉक्ड, प्लेड, वाँटेड यांच्या शेवटी ट, ड, इड असे तीन आवाज, पण लिहायचं एकच ईडी, कारण अर्थ एकच, झालेलं काम. स्पेलिंग आवाजाइतकंच अर्थालाही जपतं. सगळीकडे मात्र नाही, आयलंडमधला एस चुकून घुसलाय, आइल म्हणजे बेट या दुसऱ्याच शब्दाच्या प्रभावानं, तिथे कारण शोधत बसू नका.

यादी देणाऱ्या सरांपेक्षा 'हा शब्द कुठे वाचलास?' असं विचारणारा माणूस शोधा. मला सातपूरच्या एका रिटायर्ड बाईंनी तसं विचारलं, फी घेतली नाही, पण डिक्शनरीत बघितल्याशिवाय बोलू द्यायच्या नाहीत. रूट्सच्या रील्स बघून काही होत नाही, स्पष्टच सांगतो. एटिमऑनलाइन ही इंग्लिश शब्दांचं मूळ सांगणारी वेबसाइट फुकट आहे, आधी आपण शब्द फोडायचा, अंदाज लिहायचा आणि मग तिथे ताडून बघायचं, याच क्रमानं. परीक्षा महिन्यावर आली असेल तर हे सगळं ठेवा बाजूला, जुने पेपर सोडवा, नंतर या इकडे, उशीर होत नाही.

सुरुवातीला हेलिकॉप्टर घ्या. हेली आणि कॉप्टर वाटतं ना? मूळ ग्रीक तुकडे हेलिको आणि प्टेर, मळसूत्रासारखं फिरणारं आणि पंख. तोच प्टेर टेरोडॅक्टिलच्या, म्हणजे त्या प्राचीन उडणाऱ्या प्राण्याच्या नावाच्या, सुरुवातीला बसलाय, म्हणून तिथे स्पेलिंगमध्ये टीच्या आधी तो न बोलला जाणारा पी.