वैऱ्याचं भलं करायला निघालात? या चुका टाळा

मराठवाड्यात वैर बहुधा बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून, नाहीतर भावकीतल्या वाटणीवरून लागतं. ‘वैऱ्यांवर प्रीती करा’ (मत्तय ५:४४) हे बायबलमधलं वचन सगळ्या ख्रिस्ती मंडळीला पाठ असतं. अडतं ते घरी परतल्यावर, समोरच्या दाराकडे बघताना.

पहिली चूक म्हणजे सुरुवातच मोठ्या भेटीनं करणं. वर्षभर बोलणं बंद असताना नाताळात फराळाचं ताट घेऊन गेलात, तर समोरचा विचारणारच, ‘आता कशावर सही पाहिजे?’ प्रेषित पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात (रोमकरांस १२:२०) दोनच गोष्टी सांगितल्या आहेत: भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी. हे त्यानं नीतिसूत्रे २५:२१-२२ मधून घेतलं आहे. गरज त्याची असावी, वेळही त्याची. मे महिन्यात टँकर आला आणि त्याच्या घरी कुणी नाही, तर त्याचं टिपाड भरून ठेवा. तेवढंच पुरे.

असं केल्यानं वैऱ्याच्या ‘मस्तकावर निखारे’ रचले जातील, असंही त्याच वचनात आहे. ते वाचून काहींना वाटतं, हा सूड घ्यायचाच गोड मार्ग आहे. लगेच पुढचं वचन वाचा: वाइटाला बऱ्यानं जिंकायचं आहे. ‘बघा कसा लाजला’ असं चारचौघांत सांगितलं की केलेलं सगळं पाण्यात.

निर्गम २३:४-५ शेतकऱ्याला जास्त जवळचं वाटावं. वैऱ्याचा चुकलेला बैल त्याच्याकडे पोचवायचा, ओझ्याखाली बसलेलं गाढव उठवायला हात लावायचा. बैल तुमच्या सोयाबीनमध्ये शिरला तर राग येणारच. तरी कोंडवाड्याकडे नेऊ नका, त्याच्या गोठ्यात बांधा. नुकसानीचं बोलणं दुसऱ्या दिवशी, स्वतंत्र. दावं हातात देताना टोमणा मारलात, तर त्याच्या लक्षात टोमणाच राहतो.

प्रार्थनेतही फसगत होते. घरगुती प्रार्थनासभेत नाव घेऊन ‘प्रभू, त्याला सुबुद्धी दे’ म्हणणं ही उघड तक्रार झाली. एकांतात त्याच्या पिकासाठी, लेकरांच्या तब्येतीसाठी मागा. जीभ अडखळेल, पण तिथूनच आपलं मन वळायला लागतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दया दाखवायची म्हणून हक्क सोडणं. मोजणीचा अर्ज मागे घेऊ नका. रोमकरांस ते पत्र लिहिणाऱ्या पौलानंच फिलिप्पै शहरात अधिकाऱ्यांना स्वतः येऊन आपल्याला तुरुंगातून सोडवायला लावलं (प्रेषितांची कृत्ये १६:३७), पुढे कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दादही मागितली (२५:११). मारहाण होत असेल तर ११२ वर फोन करा. मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर’ म्हणून परत धाडणं ही प्रीती नव्हे.

आणि परतफेडीची आशा धरू नका (लूक ६:३५). टिपाड भरलं तरी तो ओळख देणार नाही, कदाचित पाणी ओतूनही टाकील. पुढच्या टँकरला त्याला आधी विचारा. नको म्हणाला तर भरू नका.