शब्दाचा शेवट ऐकायला शिकवताना : सोलापुरात बालवाडीवर नव्याने लागणाऱ्या ताईंसाठी

'चादर' या शब्दाच्या शेवटी काय ऐकू येतं? नव्या ताई बहुतेक वेळा 'र' असं उत्तर देतात, आणि तो पूर्ण 'र' असतो, मागे अ लावलेला. लिहिताना तो बरोबर आहे. बोलताना मात्र आपण 'चादर्' म्हणतो. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ बहुतेक ठिकाणी उच्चारात गळतो : टॉवेल्, ऊस्, पान्, दुकान्. चार-पाच वर्षांच्या मुलाला अजून लिपी येत नाही, म्हणून ते जे कानावर पडतं तेच सांगतं. आपल्या डोळ्यांपुढे मात्र अक्षर नाचत असतं. तेव्हा पहिला आठवडा सराव मुलांनी नाही, आपण करायचा. मोबाइलवर वीस-पंचवीस शब्द रेकॉर्ड करा, ऐका आणि शेवटी चोरून घुसलेला अ पकडा. 'चंद्र', 'मित्र' असे जोडाक्षरावर संपणारे शब्द यादीतून काढून टाका. तिथे अ खरोखरच ऐकू येतो आणि मुलांचा गोंधळ होतो.

शेवटचा आवाज पहिल्या आवाजापेक्षा अवघड असतो. ज्या मुलाला 'पान'मधला पहिला आवाज ओळखता येत नाही, त्याला शेवट विचारण्यात अर्थ नाही. त्याआधी टाळ्या वाजवत शब्दाचे तुकडे करणं (चा-दर दोन टाळ्या, ब-टा-टा तीन) आणि मग पहिला आवाज, एवढं झालेलं हवं. वेळ रोज आठ-दहा मिनिटं पुरते. एका वेळी पाच-सहा मुलं, अर्धगोलात बसलेली, सगळ्यांना ताईचं तोंड दिसेल अशी. वीस मुलांत एकदम घेतलं तर दोन हुशार मुलं उत्तर देतात आणि बाकीची त्यांच्यामागून ओरडतात.

सुरुवात लांबवता येणाऱ्या आवाजांनी करा : स्, म्, न्, ल्. बस, ऊस, तास. काम, बदाम, गरम. पान, ऊन, दुकान. फूल, टॉवेल, सायकल. शेवट ताणून म्हणायचा, 'बस्‌स्‌स्'. इथे हमखास होणारी चूक म्हणजे शेवटाऐवजी मधला स्वर ताणला जातो, 'पाऽऽऽन' होतं आणि मुलं 'आ' सांगतात. क्, ट्, प्, त् ताणता येत नाहीत, म्हणून ते नंतर. 'माप' म्हणताना ओठ मिटून क्षणभर तसेच ठेवले की प् दिसतोसुद्धा. दूध, वाघ, ओठ, जीभ हे शब्द पहिल्या महिन्यात नकोतच, कारण बोलताना आपण स्वतःच 'दूद', 'वाग' म्हणतो. गाय आणि गाव यांच्या शेवटी मुलं 'ई' आणि 'ऊ' सांगतात. त्यांचं फारसं चुकत नाही, तिथे आवाज तसाच सैल असतो. हे शब्दही बाजूला ठेवा.

पहिली पायरी म्हणजे सारखं की वेगळं. 'बस, ऊस. शेवट सारखा की वेगळा?' इथे तीन अडचणी येतात. मुलं अर्थाकडे वळतात : 'चादर, उशी' विचारलं की 'सारखं, झोपायला लागतं' असं उत्तर येतं. दुसरं, सुरुवात सारखी असली की फसतात, 'पान, पाय' लगेच सारखं ठरतं. म्हणून आधी सुरुवात वेगळी असलेल्या जोड्याच घ्या. तिसरं म्हणजे यमक. पान, कान, मान यांत मुलं 'आन' हा अख्खा तुकडा ऐकतात, न् ऐकतच नाहीत. खरी कसोटी 'ऊन, पान' किंवा 'खीर, चादर' अशा यमक नसलेल्या जोड्यांत लागते. दहा जोड्यांपैकी पाच वेगळ्या हव्यात, त्याही उलटसुलट क्रमाने, नाहीतर मूल न ऐकताच 'सारखं' म्हणायला शिकतं. दहातली आठ उत्तरं दोन वेगवेगळ्या दिवशी बरोबर आली की पुढे जा.

पुढची पायरी चौकटींची. मूळ कल्पना सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन यांची. पाटीवर तीन चौकटी आखा, मुलाला बाटलीची तीन झाकणं द्या. (चिंचोके सोपे वाटतात, पण ते नाकात जातात.) 'ऊस'ला दोन झाकणं, 'पान'ला तीन : प्, आ, न्. ताई सावकाश म्हणते, मूल आवाजागणिक एक झाकण पुढे सरकवतं. मग शेवटच्या झाकणावर बोट ठेवून विचारायचं, 'हे काय म्हणतं?' मूल 'पान' असा आख्खा शब्द म्हणालं तर पहिली दोन झाकणं हाताने झाका आणि पुन्हा विचारा. चौकटींत अक्षरं लिहू नका. तीन झाकणं आणि दोन अक्षरं यांचा मेळ या वयात बसत नाही.

आता सोलापूरचं म्हणून जे वेगळं आहे ते. पूर्व भागात किंवा विडी घरकुलमध्ये वर्गातली बरीच मुलं घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कानडी. या भाषांतले शब्द बहुधा स्वरावर संपतात, दूध तेलुगूत 'पालु', कानडीत 'हालु'. असं मूल 'बस'ला 'बस्सु' म्हणतं आणि शेवटी 'उ' सांगतं. त्याने ऐकलंय नीटच, त्याच्या तोंडचा शब्दच तसा संपतो. त्याला 'चूक' म्हणू नका. अशा गटात क्रम उलटा करा : आधी स्वरांचे शेवट, शेंगा, ज्वारी, पालु, मग 'बस्सु' आणि 'बस' शेजारी ठेवून दोन्ही म्हणायला लावा. घरी दखनी उर्दू बोलणाऱ्यांना ळ् नवा असतो, तेव्हा गूळ, मोहोळ उशिरा घ्या. कानडी घरातल्या मुलांना तोच ळ् सहज येतो. आणि वाक्याच्या शेवटी काय ऐकू आलं, असं सोलापुरात विचारू नये. सगळा वर्ग 'बे' म्हणतो.

वाचनापलीकडेही याचा उपयोग आहे, आणि आमच्या मते तोच मोठा. मराठीत लिंग-वचन शब्दाच्या शेपटात असतं. आला, आली, आलं. फूल, फुलं. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाचं 'गाडी आला' हे बऱ्याचदा न समजल्यामुळे नसतं, शेवट कानातून निसटल्यामुळे असतं. एक फूल आणि पुष्कळ फुलं अशी दोन चित्रं ठेवा, एकदा 'फूल' म्हणा, एकदा 'फुलं', आणि मुलाला फक्त बोट दाखवू द्या. आधी ऐकून ओळखणं, बोलणं दहा-बारा दिवसांनी.

गल्लीत यंत्रमाग चालू असेल तर हा खेळ दाराजवळ घेऊ नका, खडखडाटात शब्दाचा शेवटच आधी बुडतो. शांत जागीही एखादं मूल स्, श् वारंवार गाळत असेल, पण म्, न् नीट सांगत असेल, तर सराव वाढवण्याआधी कानाचा विचार करा. हे बारीक, उंच पट्टीतले आवाज कमी ऐकू येणाऱ्याला आधी निसटतात. सर्दी आणि कान वाहणं याबद्दल आईला विचारा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं, त्यांना नुसतं 'लक्ष देत नाही' असं न सांगता कोणते शब्द कसे ऐकले ते वहीतून दाखवा. कान सतत वाहत असेल तर पथकाची वाट बघू नका, आईला लगेच दवाखान्यात पाठवा.